हरिबा आणि कावळ्यांची जाळी

एका गावात एक भोळा गडी होता. गाव जपानातलं होतं आणि गडी आपल्या कराडकडचा. नाव हरिबा. डोंगराच्या पायथ्याशी किताओ नावाच्या मालकांचा मुळ्याच्या लोणच्याचा कारखाना होता. तिथे तो मुळे धुवायचा. मुळे धुण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घोळ व्हायचा तो मुळे धुऊन संपल्यावर.

हरिबाचं लग्न झालं आणि बाराव्या दिवशी तो विमानात बसला. बायको वत्सला गावीच राहिली. तिला तिकडे न्यायचं तर मालकांच्या घरचं हमीपत्र हवं होतं, आणि त्या घरचा शिक्का होता मालकांच्या वडिलांकडे. आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. शिक्का कमरेच्या पिशवीत आणि पिशवीला दोन गाठी. मालकांनी हरिबाला सांगून ठेवलं होतं की इथल्या रीती शीक, नीट वाग, मग आजोबांकडे विषय काढू. हरिबाला वत्सलेची फार आठवण यायची. त्यानं नीट वागायचं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

दर गुरुवारी ओकुमुराबाई परदेशी मंडळींना जपानी शिकवायच्या. बाई जन्मभर शाळेत शिकवलेल्या, शांत स्वभावाच्या. तोपर्यंत तरी शांतच होत्या. हरिबानं एक वही केली. बाई बोलतील ते त्या वहीत.

पहिल्याच आठवड्यात मालकांनी त्याला जेवायला बोलावलं. हरिबा रिकाम्या हातानं गेला, पोटभर जेवला आणि रिकाम्या हातानं परत आला. गुरुवारी त्यानं बाईंना विचारलं, "चुकलं का, बाई?"

"चुकलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कुणाला काही द्यायचं तर सुंदर कागदात गुंडाळावं. दोन्ही हातांनी पुढं करावं, वाकावं आणि म्हणावं, 'अगदीच क्षुल्लक आहे, गोड मानून घ्या.' समोरचा नको नको म्हणेल. ती रीत असते. दोनदा नको म्हणाला तरी तिसऱ्यांदा आग्रह करावा. मग तो घेतो, आणि पुढे केव्हातरी निम्म्या किमतीची वस्तू आपल्याला परत देतो.

हरिबानं लिहून घेतलं. निम्म्या किमतीच्या खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली. हरिबानं आठवडाभराचा कचरा फुलाफुलांच्या कागदात बांधला, वर लाल फीत लावली आणि गाडीवाल्यापुढे वाकून दोन्ही हातांनी धरला. "अगदीच क्षुल्लक आहे," तो म्हणाला, "गोड मानून घ्या."

गाडीवाला बिचारा गडबडला. तो नको म्हणाला. हरिबानं आग्रह केला. तो पुन्हा नको म्हणाला. हरिबा खूश झाला, कारण सगळं वहीबरहुकूम चाललं होतं. तिसऱ्यांदा गाडीवाल्यानं पुडा घेतला, सीटवर शेजारी ठेवला आणि दुपारी भाकरतुकड्याच्या वेळेला उघडला. निम्म्या किमतीचं काही आलं नाही. तक्रार तेवढी आली.

"चुकलं का, बाई?"

"चुकलं. हे असं हातात द्यायचं नसतं." बाईंनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. सकाळी आठच्या आत गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायचं. वर आपलं नाव लिहायचं. कावळे टोचतात म्हणून तिथली हिरवी जाळी नीट पांघरायची आणि मागं वळून न बघता घरी यायचं. गाडी येते आणि घेऊन जाते.

हरिबानं लिहून घेतलं. कावळ्याचं चित्रसुद्धा काढलं.

मंगळवारी मालकांना घाईनं बाहेरगावी जायचं होतं. आजोबांना म्हाताऱ्यांच्या व्यायामवर्गाला न्यायला दर मंगळवारी घरापाशी गाडी यायची. मालक हरिबाला म्हणाले, गाडी येण्याआधी आजोबांना तेवढं बाहेर बसव.

हरिबानं वही उघडली. गाडीचा धडा तयारच होता. त्यानं आजोबांना हळूच धरून गल्लीच्या कोपऱ्यावर नेलं, बाटल्यांच्या पेट्यांशेजारी स्टुलावर बसवलं, छातीवर 'हरिबा' असं लिहिलेला कागद लावला आणि वरून हिरवी जाळी पांघरली. चारी बाजूंनी नीट खोचली, कारण आजोबा वयस्कर आणि कावळे टपलेले. मग मागं वळून न बघता तो कारखान्यात गेला. मी म्हणतो, सांगितलेलं काम इतक्या मनापासून करणारा माणूस मिळणं कठीण आहे.

व्यायामाची गाडी घरापाशी आली, थांबली आणि रिकामीच गेली. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर आली. गाडीवाला तोच. त्यानं जाळी उचलली, कागदावरचं नाव वाचलं आणि सुस्कारा टाकला. त्या दिवशी बाटल्यांचा वार होता. त्यानं नियमाप्रमाणे आजोबांच्या टोपीवर पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'आज हा प्रकार नेला जाणार नाही. योग्य वारी ठेवावा.' मग तो वाकून नमस्कार करून निघून गेला.

संध्याकाळी मालकांना सगळं कळलं. ते लालबुंद झाले. हरिबाला वाटलं, आता कसलं हमीपत्र आणि कसली वत्सला. तो कारखान्यामागं जाऊन मुळ्यांच्या ढिगाशेजारी रडत बसला.

पण आजोबांनी त्याला आत बोलावलं. टोपीवर चिठ्ठी तशीच होती. "पंधरा वर्षं," आजोबा म्हणाले, "पंधरा वर्षं मी तो व्यायाम चुकवायला बघतोय. कुणाला जमलं नाही." त्यांनी पिशवीच्या दोन्ही गाठी सोडल्या, हमीपत्रावर शिक्का दाबला, आणि ती पिवळी चिठ्ठी शिक्क्याबरोबर पिशवीत जपून ठेवली.

गुरुवारी बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी पाणी मागितलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "कोपऱ्यावर वस्तू ठेवायची, हरिबा. माणूस नाही. माणसाला हात धरून दारापर्यंत न्यायचं आणि घरातल्यांच्या हाती सोपवायचं."

हरिबानं लिहून घेतलं. वस्तू कोपऱ्यावर, माणूस हाती.

सहा महिन्यांनी वत्सला आली. तेवढ्या वेळात तिनं कराडला शिकवणी लावून जपानीची परीक्षा दिली होती आणि पहिल्या फटक्यात पास झाली होती. हरिबा त्याच परीक्षेत दोनदा नापास झाला होता, पण त्याच्याकडे वही होती. विमानतळापासूनच्या बसमध्ये त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आधी मालकांकडे जायचं, आभार मानायचे. हरिबाच्या आईनं त्यांच्यासाठी डिंकाचे लाडू दिले होते. वत्सलेनं ते रंगीत कागदात छान बांधून आणले होते.

सकाळी साडेसातला दोघं गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली. हरिबानं लाडूंचा पुडा तिच्या हातातून घेतला, नाव लिहून जमिनीवर ठेवला आणि वर जाळी पांघरली. वत्सला म्हणाली, "अहो, हे काय?" तो म्हणाला, इथली रीत आहे, तुला कळायला वेळ लागेल.

मालक, मालकीणबाई आणि आजोबा दारातच उभे होते. हरिबानं वत्सलेचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं. मग दोन्ही हातांनी तिला पुढं केलं आणि कमरेत वाकून जपानीत म्हणाला, "अगदीच क्षुल्लक आहे. गोड मानून घ्या."

मालक दचकून म्हणाले, "नको, नको."

हरिबानं आग्रह केला. मालकीणबाईही म्हणाल्या, "अहो, नको."

हरिबा आनंदानं तिसऱ्यांदा वाकला. वत्सलेला शब्दन् शब्द कळत होता. तिनं चपला काढल्या, तिथल्या रीतीप्रमाणे वळवून ठेवल्या आणि घरात पाऊल टाकून स्वच्छ जपानीत म्हणाली, "एवढा आग्रह करताहेत, तर घ्या मला."

आजोबा हसून हसून खालीच बसले. डोळे पुसत ते सुनेच्या कानात काहीतरी बोलले. मालकीणबाई आतून एक मुळा घेऊन आल्या, तो दोन्ही हातांनी हरिबापुढे धरला आणि म्हणाल्या, "अगदीच क्षुल्लक आहे." हरिबा दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा त्यानं घेतला. दार लागलं. कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी आली आणि लाडू घेऊन गेली.

हरिबा अंगणातल्या दगडावर बसला आणि त्यानं आईला फोन लावला.

"पोचली का रं सून?"

"पोचली. दोनदा नगं म्हणाले, तिसऱ्या खेपंला घेतली."

"घेतली म्हंजे?"

"हितली रीतच हाय, आई. बदल्यात मुळा दिलाय, चांगला हातभर. बाई म्हणल्या व्हत्या निम्म्या किमतीचं देत्यात. पर ह्यो तर मला पुऱ्या किमतीचा दिसतोय."

त्याच्या डोक्यावरची खिडकी उघडी होती, आणि वत्सलेला मराठी तर जपानीपेक्षाही चांगली येत होती.