अर्ध्या पेन्शनचा डाव

दर गुरुवारी दुपारी वीज गेली, की आम्ही म्हातारे माझ्या ओट्यावर तीन पत्ती खेळतो. बसताना प्रत्येकी दहा रुपये. जिंकतो मात्र नेहमी रिटायर पोस्टमन दौलतराव. खडी क्रशरवाल्या बापूसाहेब खर्डीकरांना ते बघवेना. त्याला उठवायलाच ते म्हणाले, "आजपासून बसताना दहा हजार. ऐपत नसेल त्याने लांबून बघावं."

दौलतराव म्हणाला, "बसतो की. दहा हजारांत माझी अर्धी पेन्शन गेली. तुम्हीही महिन्याची अर्धी कमाई मांडा, म्हणजे दोघांची छाती सारखीच धडधडेल. महिन्याला आठ लाख सुटतात, असं परवा तुम्हीच सांगत होता."

बापूसाहेबांनी दहाचीच नोट मांडली. सगळे पोट धरून हसले. मी जरा कमीच हसलो. मेलं, हे मला का नाही सुचलं?