राजीनाम्याचं कारण

भाऊसाहेब शिरगाव्यांच्या आयुष्यावर सिनेमा निघाला, तेव्हा त्यांचे चिरंजीव आमदार प्रतापराव यांनी तो आधी कोल्हापुरात घरच्या मंडळींना दाखवला. दिग्दर्शकाने कुमुदबाई कारेकरांनाही आठवणीने बोलावलं होतं. विधुर मंत्री भाऊसाहेब आणि नाटकातली ही नटी, यांच्या प्रेमाने एके काळी सगळा जिल्हा ढवळून निघाला होता. पडद्यावर भाऊसाहेब विंगेत उभे राहून तिचं पद ऐकत होते. अगदी तसेच उभे राहायचे ते. बाईंचे डोळे भरून आले.

दिवे लागले. प्रतापराव म्हणाले, "मंत्रिपद सोडतात तो प्रसंग लाखात एक आहे. असा त्याग आज कोण करतो? फक्त ती नटी काढून टाका. आमच्या वडिलांच्या आयुष्यात अशी बाई नव्हतीच."

दिग्दर्शक खाली बघू लागला. कुमुदबाई पदर सावरत उठल्या.

"काढा की," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण पक्षानं 'बाई सोडा नाहीतर खुर्ची सोडा' म्हटलं, म्हणून त्यांनी खुर्ची सोडली. आता बाईच नव्हती म्हटल्यावर लोक म्हणतील, पैसे खाल्ले असणार."

प्रतापराव दिग्दर्शकाकडे वळले. "राहू दे ती नटी," ते म्हणाले.

मग दाराशी बाईंना गाठून त्यांनी हळूच विचारलं, "राजीनामा दिला त्या दिवशी फार खचले होते का हो ते?"

"छे," बाई हसल्या. "सरकारी गाडी गेली, म्हणून एसटीनं आले. म्हणाले, किती वर्षांनी खिडकीपाशी बसायला मिळालं."