बसलेल्या बैलाचा नियम

कोणे एके काळी, म्हणजे नेमकं कधी ते मलाही ठाऊक नाही, राजरस्त्यावर एक लहानसं गाव होतं. रस्ता गावाच्या मधूनच जायचा. एकदा एका भरधाव गाडीखाली एक म्हातारी सापडता सापडता वाचली. तेव्हा गावच्या पाटलानं नियम केला: वेशीच्या आत कुणीही गावच्या बैलापेक्षा वेगानं जायचं नाही.

नियम चांगला होता, त्याला मी उगाच नावं ठेवणार नाही. बैल तेव्हा तरणाबांड होता. त्याच्या चालीनं चालायला कुणाचीच ना नव्हती. वेशीपाशी एका दगडावर नियम कोरून ठेवला होता, आणि तो मोडणाऱ्यानं गाडीतली एक चांगली वस्तू चावडीत ठेवून जायची, एवढाच दंड होता.

पण चावडीत हंडे आले, घोंगड्या आल्या, गुळाच्या ढेपी आल्या, आणि गावाला त्याची चटक लागली. नांगरांचे फाळ गोठ्यात गंजू लागले. त्या कोरीव दगडापुढे निवडुंग वाढला, तो कुणी तोडला नाही. निवडुंगाला कुणी पाणी घालतं का हो? इथं रोज सकाळी घालत होते!

त्यात बैल म्हातारा झाला. चार पावलं टाकायचा आणि चिंचेखाली बसून राहायचा. नियम मात्र होता तसाच राहिला.

एके दिवशी एक तांबोळी गाडीत पानांच्या टोपल्या घेऊन आला. निवडुंगाआडून पहारेकरी टुणकन पुढे आला.

"थांबा! बैलापेक्षा वेगानं आलात."

"कुठला बैल?"

"तो काय, चिंचेखाली."

"अहो, तो तर बसलाय!"

"म्हणून तर!"

तांबोळी गोंधळला. "मग मी चालू तरी किती?"

"त्याच्याइतकं."

तांबोळ्यानं गाडी जागच्या जागी उभी केली. "आता बरोबर?"

"आता तुम्ही वाट अडवलीत. त्याचा दंड वेगळा."

तांबोळी डोकं खाजवत टोपल्या उतरवून गेला. खरं सांगायचं तर पहारेकऱ्यालाही यातलं काही कळत नव्हतं. त्याला सांगितलं होतं पकड, म्हणून तो पकडत होता.

या पाटलाला एकुलती एक मुलगी होती. दूरच्या एका चांगल्या घरी तिचं लग्न जमत आलं होतं. मुलगा समजूतदार होता आणि, मुख्य म्हणजे, तिच्या मनात भरला होता. मुलाकडची माणसं सुपारी फोडायला यायची होती; सुपारी एकदा फुटली की लग्न पक्कं. पाटलाच्या अंगणात मांडव पडला. मुलगी सकाळपासून दहादा दारात येऊन रस्त्याकडे बघून गेली.

पाहुण्यांच्या गाड्या वेशीत शिरल्या आणि पहारेकरी आडवा आला. पाहुणे वेगानं आले, म्हणून दंड झाला. ते थांबले, म्हणून पुन्हा दंड झाला. मुलाच्या वडिलांनी बसलेल्या बैलाकडे पाहिलं, पहारेकऱ्याकडे पाहिलं, आणि ते गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला बसले. पुढं जावं की मागं, त्यांना खरंच समजेना.

कुणीतरी पाटलाला वर्दी दिली. पाटील धोतर सावरत धावत आला.

"पाहुणे, हे काय! तुम्हाला कसला आलाय दंड? चला, मांडवात चला."

"मग दंड कुणाला आहे, पाटील?"

"परक्यांना हो. आपल्या माणसांना नाही."

मुलाचे वडील उठून उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या तुमची लेक आमच्या घरची होईल, म्हणजे या गावाला परकी होईल. सणावाराला ती माहेरी यायला निघेल, तेव्हा तिची गाडी तुम्ही सोडणार की पकडणार?"

"ती... तिची गोष्ट निराळी."

"ते या माणसाला कसं कळणार? त्याला तर बैलही कळत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "मला तुमचं काही उमगत नाही, पाटील. जिथं कसं यायचं तेच कळत नाही, तिथं सोयरीक कशी जोडावी?"

त्यांनी गाड्या वळवल्या. परत जाणाऱ्यांना बैलाचा नियम लागतो की नाही, या विचारात पहारेकरी तसाच उभा राहिला.

पाटील घरी आला. मुलगी दारातच होती. वेशीवर काय झालं ते तिच्या कानावर आलं होतं. डोळे भरून आले होते, पण तिनं बापाला दोष दिला नाही. तिनं एवढंच विचारलं, "आबा, त्यांनी नेमकं काय केलं असतं, म्हणजे ते चुकले नसते?"

नियम पाटलानंच केला होता. तो गोठ्यात कोयता शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातांनी तो निवडुंग तोडला, दंड बंद केला आणि चावडीतल्या वस्तू ज्याच्या त्याच्या गावी धाडल्या. सोयरीक मात्र परत आली नाही. त्या मुलाची सुपारी दुसऱ्या गावी फुटली.

तात्पर्य: नियम वाट दाखवायला असतो, तो टपून बसू लागला, की एक दिवस आपल्याच माणसांची वाट अडवतो.