राजेसाहेबांचं क्रियापद

रुईखेड संस्थानात वाघाला कुणी फारसं भीत नसे, कारण वाघ इंग्रजी बोलत नसे. राजेसाहेब मात्र विलायतेहून आले ते इंग्रजी घेऊनच. रोज सकाळी दरबारात ते एक क्रियापद फेकत. ज्याच्याकडे बोट जाई, त्याने त्याला शोभेलसं नाम जोडायचं. नाम चुकलं की माणूस गडावरच्या कोठडीत.

काल खजिनदारांना ‘पुट ऑन’, म्हणजे अंगावर चढवणे, आलं. त्यांनी कोट जोडला, बरोबर निघालं. वजन जोडलं, तेही चाललं. ‘आणखी एक,’ म्हटल्यावर घाबरून त्यांनी दरवाजा जोडला. त्यांची पगडी अजून बैठकीवर तशीच पडली होती.

आज बोट चिटणीस त्र्यंबकपंतांकडे वळलं.

“‘पुट अप विथ’,” राजेसाहेब म्हणाले. “म्हणजे निमूट सोसणे. बोला चिटणीस, आमची माणसं रोज काय सोसतात?”

पंतांच्या ओठांवर एकच नाम येत होतं. त्यांनी त्या पगडीकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

“आपल्याला, सरकार.”



“चूक,” राजेसाहेब गरजले. “न्या याला गडावर.”

“जातो, सरकार,” पंत म्हणाले. “पण कोठडीत पाऊल टाकताच मी आपल्याला सोसायला लागेन, म्हणजे माझं उत्तर बरोबर ठरेल. आणि बरोबर उत्तराला आपण शिक्षा देत नाही.”



“सोडा याला. आणि खजिनदारांनाही उतरवा गडावरून,” राजेसाहेब मिशी पिळत म्हणाले. “उद्यापासून आम्ही गणित विचारू.”

पंत बोटांवर बेरीज करून पाहू लागले.