उडत्या जनुकाचं औषध

एक होतं जंगल. त्याचं नाव आंबेघळी. तिथे राजा निवडून येत असे, आणि एकदा निवडून आला की अगदी राजासारखा वागत असे.

त्या जंगलाची वैद्यीण होती गोदाक्का उदमांजर. तिला एकच घोर लागला होता. शेवंता सशिणीच्या पिल्लांना साधा काटा लागला तरी रक्त थांबत नसे. रक्त गोठवणारं जनुकच त्यांच्यात जन्मापासून बिघडलेलं. बिचारी बिळाच्या तोंडाशी बसून दुसऱ्यांचे खेळ बघायची. चांगलं जनुक त्यांच्या अंगात पोचवावं कसं, यावर गोदाक्काने वर्षानुवर्षं डोकं झिजवलं. शेवटी उत्तर सापडलं एका पतंगाच्या अंगात. त्यातलं एक जनुक आपली जागा सोडायचं आणि टुणकन दुसरीकडे जाऊन बसायचं. पाठीवर काही बांधलं तर तेही सोबत न्यायचं.

"आणि अक्का, पुन्हा उडून गेलं तर?" शेवंताने विचारलं.

"नाही जायचं. उडी मारायला लावणारा रस थोडाच घालायचा. तो विरला की जिथे बसलं तिथे बसलं."

औषधाचे बुधले भरले आणि बातमी राजवाड्यावर गेली. तरसराजे तेव्हा चिंतेत होते. सभेत त्यांचं बहुमत थोडक्यात हुकलं होतं. ते प्रधान खुबाजी कोल्ह्याला घेऊन स्वतःच आले.

"जागा सोडून दुसरीकडे बसतं म्हणता?"

"हो, महाराज."

"बांधाल ते घेऊन जातं?"

"हो."

"अहो, मग सभेत याचीच तर गरज आहे! विरोधकांना पाजा."

"महाराज, हे रक्ताचं औषध आहे. यानं सभासद उडत नाहीत."

"ते आमच्यावर सोडा," खुबाजी म्हणाला. लगेच फर्मान निघालं: उडी ही राष्ट्रीय संपत्ती आहे, सबब सर्व बुधले उद्या सकाळी जमा करावेत. झाडाझाडावर घोषणा लागली, 'उडी आमची, प्रगती तुमची!'

शेवंताच्या डोळ्याला पाणी आलं. गोदाक्काने तिच्याकडे पाहिलं, बिळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरांना घेऊन ये. आत्ता." औषध पिल्लांना टोचलं. रिकाम्या बुधल्यांत तिने मधाचं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी सभेत ती जीव मुठीत धरून बसली. कोणी हललं नाही तर आपली मान जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खुबाजीने पहिला चमचा दिला जनार्दनराव कासवांना. कासवराव जन्मात कधी जागचे हलले नव्हते. त्यांनी जिभल्या चाटल्या आणि थेट सत्ताधारी बाकावर उडी घेतली.

"जनतेच्या आग्रहाखातर!" ते धापा टाकत म्हणाले.

मागोमाग रानरेडा उडाला. "विकासासाठी!" घोरपड उडाली. "घुसमट होत होती!" काहींनी तर चमच्याची वाटही पाहिली नाही. जाताना जो तो कोठारातलं थोडं धान्य सोबत नेत होता.

तरसराजे खूश. पण दुपारी कोणीतरी कुजबुजलं, की पलीकडे अस्वलाच्या गटात गेलं की दाट मध मिळतो. सगळे तिकडे उडाले. त्यांच्यासोबत खुबाजीही.

"अक्का, उडी थांबवायचं औषध द्या!" राजे ओरडले.

आता लपवून काय उपयोग? "महाराज, बुधल्यांत नुसतं मधाचं पाणी होतं."

राजांनी रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "म्हणजे... जनुक यांच्यात आधीपासूनच होतं?"

"तपासावं लागेल," गोदाक्का म्हणाली. "पण तपासायला एका जागी बसायला हवेत."

ती घरी परतली तेव्हा शेवंताची पिल्लं करवंदीच्या जाळीत धुडगूस घालत होती. धाकट्याच्या पायाला काटा लागला. एक थेंब आला आणि थांबला. गोदाक्का तिथेच मटकन बसली आणि पोट धरून हसली.

आंबेघळीत पुढेही निवडणुका होत राहिल्या. फक्त मतपत्रिकेवर उमेदवाराच्या पक्षापुढे आता कंसात 'सध्या' असं छापतात.