एका आवाजाची शाळा

फार पूर्वी एका आडगावात गवताच्या छपराची एक शाळा होती. शिकवायला एकच बाई. पण शाळेचं नाव मोठं. मुलं पाढे म्हणायला लागली की पाणवठ्यावरच्या बायका घागरी खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. "काय म्हणतात गं पोरं! जणू एकच तोंड!"

आणि खरोखर ते एकच तोंड होतं.

पहिल्या ओळीत सगुणा नावाची मुलगी बसायची. हुशार, खणखणीत आवाजाची. ती 'एकोणतीस दुणे' म्हणायची आणि बाकीची पोरं अर्धा श्वास मागून तिला धरायची. धडा वाचतानाही तेच. लिहिताना ती पाटी जरा तिरकी धरायची. मागची तिचं बघून लिहायची, त्यांच्या मागची त्यांचं बघून. एखाद्या दिवशी सगुणा बेरजेत हातचा विसरली, की सगळी शाळा हातचा विसरायची.

बाईंना हे कळत नव्हतं? न कळायला काय झालं! कान होते, डोळे होते. पण एकेकाला जवळ घेऊन बसायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा "चला, सगळे मिळून म्हणा" सोपं. गाव वाहवा करतंय ना, मग झालं.

एका उन्हाळ्यात राजाचे दिवाणजी शाळा तपासायला निघाले. जिथल्या मुलांना वाचता, लिहिता, हिशेब करता येईल, त्या शाळेला पावसाआधी कौलं मिळणार होती. इथलं छप्पर तर पार चाळणी झालेलं. बाई खुशीत होत्या. कौलं मिळाल्यातच जमा!

दिवाणजी यायच्या दिवशी सकाळीच सगुणाची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला. बाई धावतच तिच्या घरी गेल्या. आई लवंग चेचत बसली होती.

"जरा वेळ पाठवा हो तिला," बाई म्हणाल्या. "नुसती सुरुवात करून दिली तरी पुरे. बाकीची धरतील."

"बाकीची?" आईनं बत्ता खाली ठेवला. "अहो बाई, त्या बाकीच्यांत माझीच आणखी दोन आहेत. त्यांना काय शिकवता मग? हिच्या तोंडाकडे बघायला?"

बाईंची मान खाली गेली. पण पोरीला त्यांनी नेलंच. त्या वेळी लाजेपेक्षा कौलं जड होती.

दिवाणजी येऊन बसले. "म्हणा, एकोणतीसचा पाढा," ते म्हणाले.

"एकोणतीस एके..." सगुणानं कसंबसं तोंड उघडलं आणि कळ आली तशी थांबली. सगळी शाळा थांबली. तिनं गालाला हात लावला. मागच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकेक करून सगळ्यांनी गालाला हात लावला!

दिवाणजी आधी हसले. "अरे, दाढ दुखतेय कुणाची?" मग त्यांचं हसू मावळलं. शेवटच्या ओळीत येसू नावाची मुलगी होती. तिच्यापुढे त्यांनी पुस्तक धरलं. "तू वाच गं बाळ."

येसू गडबडली. "मी? एकटीनं?" तिनं बाईंकडे पाहिलं. "बाई, एकटीनंपण वाचायचं असतं का?"

दिवाणजींनी विचारलं, "बाई, हिला वाचता येतं की नाही?"

"येतं हो, पण लाजते ती," बाई बोलून गेल्या. किती सोपं असतं ते! येसूनं ते ऐकलं आणि मान अशी खाली घातली, जणू सगळा गुन्हा तिचाच. हनुवटी छातीला टेकली. पाटी पोटाशी घट्ट धरलेली.

बाईंनी ते पाहिलं. आपली लाज आपण एका लेकराच्या अंगावर टाकली! त्या उठून उभ्या राहिल्या.

"खोटं बोलले मी, दिवाणजी. ती लाजत नाही. तिला येत नाही, कारण मी शिकवलंच नाही. हिलाही नाही आणि बाकीच्यांनाही नाही. सगुणाला तेवढं येतं. तिची दाढ दुखत असताना मी तिला ओढून आणलं."

दारात गाव जमलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. पाणवठ्यावरच्या बायकांनीही.

दिवाणजी उठले. "कौलं यंदा मिळायची नाहीत," एवढंच म्हणाले आणि गेले.

बाईंनी सगुणाला घरी पोहोचवलं, तिच्या आईची माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून त्या एकेकाला जवळ घेऊन बसू लागल्या. मिळून म्हणणं बंद. गाव म्हणालं, "शाळा मुकी झाली की काय?" बाईंनी तेही ऐकून घेतलं.

पावसाळा आला तशी शाळा गळू लागली. अशाच एका दिवशी येसूनं अडखळत, एकटीनं एक ओळ वाचली. तिचा आवाज जाडसर होता, थोडा घोगरा. इतकी वर्षं ही मुलगी समोर बसली, आणि हा आवाज बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना वर बघवेना.

मग येसू बेरीज करायला बसली. वरून टपकन थेंब पडला आणि पाटीवरचा हातचा पुसला गेला. तिनं सगुणाकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. ओली जागा परकरानं पुसली आणि हातचा पुन्हा लिहिला.

तात्पर्य: घोळक्यात म्हटलं म्हणजे आलं असं नसतं. शिकवणाऱ्यानं एकेका लेकराचा आवाज ऐकावा. आणि आपलं शिकवायचं राहून गेलं असेल तर लाज आपण घ्यावी, लेकराच्या गळ्यात बांधू नये.