ओ आल्यावर चूल

नावेतून उजव्या हाताला काठावर ते तीन दगड दिसतात ना, ती चूल आहे. उतरल्यावर बसायला सोयीची वाटेल, पण बसू नका. गेल्या हिवाळ्यात एक पाहुणे बसले, त्यांना मी उठवले, रागावले बिचारे. राखीव पाणथळाची सरकारी पाटी अगदी अलीकडची. समोरची ही लांब शेपटीची तलवार बदके उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून येतात. तिथली त्यांची दलदलही राखून ठेवली आहे म्हणे, माणसाला पाय ठेवू देत नाहीत. आमच्या चांदवणी तळ्यावर राखण सुरू झाली ती मात्र या चुलीपासून.

फार मागे इथे मोठा दुष्काळ पडला. तळे आटून मधल्या गाळापुरते उरले, मासे संपले. काठावर रायबा भोई, त्याची बायको ठकू आणि लहानगी येसू राहत. ठकूने मारलेली जाळ्याची गाठ कधी सुटत नसे, असे सांगतात. पाखरे आली तेव्हा येसू भुकेने अंथरुणाला खिळली होती.

रायबा म्हणाला, "पाखरांसाठी जाळं इण."

"लई लांबनं येत्यात वो ती. दारी आलेल्याला धरू ने."

"आन आपली पोर?"

ठकू सूत घेऊन बसली. तिने जाळे विणले.

सकाळी रायबाने ते लव्हाळ्यात ताणले. थवा उतरला, अडकला, आणि तळ्यावर एकच कालवा उठला. ठकूला वाटले, काम झाले. तिने घाईघाईने चूल पेटवून आधण ठेवले. त्या कालव्यात रायबाही ओरडत होता. गाळात पाय रुतून तो जाळ्यात गुरफटला होता आणि एकही गाठ सुटत नव्हती.

सगळे शांत झाले तरी तो येईना, तेव्हा ती धावली. स्वतःच्याच गाठी तिला सुटेनात. विळ्याने जाळे कापले तेव्हा जिवंत पाखरे उडून गेली. गाळात तोंड बुडून रायबा केव्हाच गेला होता.

पुढचे पुष्कळजण गाळतात. मला गाळवत नाही. मेलेली पाखरे तिने त्याच चुलीवर शिजवली आणि रडत रडत येसूला भरवली. स्वतः घास घेतला नाही. मग चुलीत पाणी ओतले, ते कायमचे. येसू जगली. काठावरचे आम्ही सगळे भोई तिचेच, म्हणून या पाखरांना आम्ही हात लावत नाही.

ठकू मात्र म्हातारी होईतो रोज सकाळी त्या दगडांपाशी उभी राहून हाक मारायची, "अवो येसूच्या बा!" आणि लेकीला बजावायची, "आधी ओ ऐक, मंग पेटीव."

आजही लव्हाळ्यात कोणी जाळे टाकत नाही. माणूस पाण्यावर असला की घरची बाई काठावर येऊन हाक मारते, आणि ओ आल्यावरच तिची चूल पेटते. ती बघा, माझी सून आली आहे, मला ओ देऊ द्या. आता थोड्या वेळाने घरोघरी धूर दिसेल. त्या तीन दगडांवर दिसणार नाही. ठकूच्या हाकेला अजून कोणी ओ दिलेली नाही.